नाइटमेअर म्हणजे रात्रीची घोडी?

नववीच्या वर्गात 'नाइटमेअर' हा शब्द आला. एका मुलाने उभे राहून अर्थ सांगितला, "रात्रीची घोडी!" वर्ग हसला, आम्हीही हसलो, 'मेअर' म्हणजे घोडी हे आम्हीच शिकवले होते. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हसली नाही. तास संपल्यावर हळूच म्हणाली, "सर, पहाटे जाग येते, डोळे उघडे असतात, पण हातपाय हलत नाहीत. छातीवर कुणीतरी बसलेलं असतं. अम्मी म्हणते, असर झालाय, कुणाला सांगू नकोस." पोरगी झोपायलाच घाबरत होती.

घरी येऊन आम्ही कोश काढला. ही मेअर घोडी नव्हेच! जुन्या इंग्रजीत झोपलेल्याच्या छातीवर बसणाऱ्या भुताला ते नाव होते. घोडीच्या शब्दाशी उच्चार जुळला, एवढेच. फ्यूसेली या चित्रकाराने तर 1781 मध्ये झोपलेल्या बाईच्या छातीवर भूत बसवले आणि पडद्याआडून घोडाही डोकावायला लावला. फ्रेंचांच्या 'कोशमार'मध्येही हीच मेअर आहे, आणि आधीचा भाग दाबण्याचा.

आणि आपला 'काबूस'? त्याच्या अरबी मुळातही दाबणेच आहे. इब्न सीना (मृत्यू 1037) यांनी 'अल-कानून'मध्ये काबूसचे वर्णन केले आहे. अंगावर जड काही पडल्यासारखे वाटते, श्वास कोंडतो, हलता येत नाही. हे त्यांनी लिहिले मेंदूच्या आजारांच्या प्रकरणात. हजार वर्षांपूर्वी!

आजचे डॉक्टर याला 'स्लीप पॅरॅलिसिस' म्हणतात. स्वप्न पाहताना आपण हातपाय झाडू नयेत म्हणून मेंदू स्नायू सैल करून ठेवतो. कधी मन आधी जागे होते, शरीर मागे राहते. काही सेकंद, फार तर काही मिनिटे. जागरण झाले, उताणे झोपले की जास्त. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. झोप सरतानाच्या या अवस्थेला इंग्रजीत 'हिप्नोपॉम्पिक' असा जडजंबाल शब्द आहे. ग्रीकमध्ये 'हिप्नोस' म्हणजे झोप, 'पॉम्पे' म्हणजे पाठवणी. झोपेची रुख्सतीच म्हणा ना!

आम्ही तिच्या अम्मींना शाळेत बोलावून हे सारे सांगितले. मुलगी रात्री एक-एकपर्यंत मोबाइल पाहत जागते, हेही त्यातून कळले. अम्मी बराच वेळ गप्प होत्या. मग मुलीकडे न पाहता म्हणाल्या, "सर, लग्नाआधी मलाही व्हायचं असं. मी कुणाला बोलले नाही."