मुरानोची कांच आणि तिचें मोल

युरोपचा प्रवास करून परत आलेल्या आमच्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते. व्हेनिस शहरानजीक मुरानो म्हणून जें बेट आहे, तेथील हातकामाची कांच भलतीच महाग. तसलीच वस्तु व्हेनिसच्या गल्ल्यांत कितीतरी स्वस्त मिळते. सबब भट्टी मुरानोला पाहावी, खरेदी मात्र बाहेर करावी, असा हा व्यवहारी उपदेश आहे. आमच्या मतें तो चुकीचा आहे; इतकेंच नव्हे, तर जी कला पाहण्यासाठीं आपण इतक्या दूर जातों, तिच्याच मुळावर तो घाव घालतो.

प्रथम आम्हीं काय पाहिलें तें सांगतों. व्हेनिसच्या उत्तर धक्क्यावरून निघालेली बोट थोडक्याच वेळांत मुरानोला लागते. बहुतेक प्रवासी ज्या भट्टींत शिरतात, तेथें एक कारागीर लोखंडी सळईच्या टोकावर रसरशीत कांचेचा गोळा आणतो, चिमट्यानें चार-दोन ठिकाणीं ओढतो, आणि पाहतां पाहतां मागल्या पायांवर उभा राहिलेला घोडा तयार होतो. टाळ्या वाजतात आणि मंडळी शेजारच्या दुकानांत लोटली जाते. आम्हीही टाळ्या वाजविल्या. पुढें एका परिचिताच्या ओळखीनें दुसऱ्या भट्टींत दुपारभर बसावयास मिळालें, तेव्हां त्या टाळ्यांची आम्हांस लाज वाटली. तेथें एका पेल्याचें काम चाललें होतें. मुख्य कारागीर, ज्यास तेथें ‘माएस्त्रो’ म्हणतात, बांकावर बसून नळी सारखी फिरवीत होता. ती क्षणभर थांबती तर मऊ कांच एका अंगास ओघळली असती. त्याचा मदतनीस नेमक्या क्षणीं भट्टींतून थेंबभर कांच आणून देई. पेल्यास देठ जोडतांना तडा गेला. इतका वेळ केलेलें काम तुकड्यांच्या डब्यांत पडलें. कोणीं चकार शब्द काढला नाहीं. नवा गोळा भट्टींतून निघाला. साधलेली वस्तुही लगेच हातीं येत नाहीं. ती दुसऱ्या भट्टींत कित्येक तास हळूहळू निववावी लागते, नाहींतर आपोआप तडकते. दुकानांत मांडलेल्या पेल्याची किंमत विचारतांना त्या फुटलेल्या पेल्याची किंमत आपल्यापैकीं कोण धरतो?

यावर कित्येक म्हणतील कीं, सातशें वर्षें टिकलेल्या कलेला आमच्या चार पैशांची काय मातबरी? हा आक्षेप इतिहासाच्या अज्ञानांतून निघतो. १२९१ सालीं व्हेनिसच्या प्रजासत्ताकानें शहरांतील कांचभट्ट्या मुरानोला हलविण्याचा हुकूम केला. आगीचें भय हें त्याचें प्रसिद्ध कारण होय. पुढें कारागिरांना राज्य सोडून जाण्यास बंदी झाली. पंधराव्या शतकाच्या मध्यास आंजेलो बारोव्हिएर यानें स्फटिकासारखी निर्मळ ‘क्रिस्ताल्लो’ कांच सिद्ध केली, आणि युरोपांतील श्रीमंत तिच्यासाठीं हवी ती किंमत मोजूं लागले. बंदीनें कला राखली असें मानणारांनीं पुढची हकीकतही वाचावी. १६६५ च्या सुमारास फ्रान्सचा मंत्री कोल्बेर यानें मुरानोचे आरसे करणारे कारागीर फोडून नेलेच. १७९७ सालीं नेपोलियनपुढें प्रजासत्ताक कोसळलें, नंतर कारागिरांचे संघ मोडले, बोहेमियाच्या कांचेनें गिऱ्हाईक ओढून नेलें, आणि भट्ट्या विझूं लागल्या. विंचेंत्सो झानेत्ती या धर्मगुरूनें १८६१ सालीं बेटावर जुन्या कामाचें संग्रहालय उभारण्यांत पुढाकार घेतला, तेव्हां कोठें कारागिरांना पूर्वजांची विद्या पुन्हा डोळ्यांपुढें दिसूं लागली. तात्पर्य, ही कला एकदां मरतां मरतां वांचली आहे. ती अमर आहे असें समजून कोणीं निर्धास्त राहूं नये.

आज तेथें कायदा आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. १९९४ सालच्या प्रांतिक कायद्यानें खऱ्या मुरानो कांचेस एक अधिकृत चिन्ह मिळालें. पण चिन्ह फार तर नांवाचें रक्षण करील. उमेदवारी करणाऱ्या पोराचें पोट तें भरणार नाहीं. नळी हातांत धरणें आणि माएस्त्रो होणें यांत अनेक वर्षांचें अंतर आहे. त्या वर्षांच्या शेवटीं गिऱ्हाईक नाहीं असें दिसलें, तर तो मुलगा भट्टी सोडून हॉटेलांत नोकरी धरील, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. त्यांतून भट्टी म्हणजे कांहीं घरची चूल नव्हे कीं संध्याकाळीं विझवावी आणि सकाळीं पेटवावी; ती रात्रंदिवस धगधगत ठेवावी लागते. २०२१-२२ सालीं इंधन-वायूचे भाव कडाडले, तेव्हां कित्येक भट्ट्या बंद ठेवण्याची पाळी त्या बेटावर आली.

स्वस्त कांच गरिबाच्या घरींही शोभा आणते, हें आम्हांस मान्य आहे. ती खुशाल व्हावी, खुशाल विकावी. मात्र स्वतःच्या नांवानें. आमचें भांडण स्वस्ताईशीं नाहीं, चोरलेल्या नांवाशीं आहे. आणि ती चोरी पचते ती आपल्यासारख्या शिकलेल्या गिऱ्हाइकाच्या जिवावर. कारण दिवाणखान्याच्या कपाटांत ‘ही मुरानोची बरें का’ म्हणून मिरवावयाचें असतें, पण मुरानोचें मोल द्यावयाचें नसतें.

ज्या महाराष्ट्रानें पैसा पैसा जमवून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना उभारला, त्या महाराष्ट्राच्या लेकरांना हें समजावून सांगण्याची पाळी यावी, याचें आम्हांस वाईट वाटतें. कसब हें कौतुकानें जगत नाहीं, मोल दिल्यानें जगतें, हें आमच्या वडिलांना कोणीं शिकविलें नव्हतें.

म्हणून आमचें सांगणें थोडकें आहे. ऐपत असेल त्यानें एकच वस्तु घ्यावी, पण ती कोणीं केली हें विचारून घ्यावी. ऐपत नसेल त्यानें संग्रहालयाचें तिकीट काढावें, डोळे भरून पाहावें आणि रिकाम्या हातांनीं परत यावें. त्यांत कमीपणा नाहीं. कमीपणा आहे तो खोट्या नांवाची वस्तु आणून खऱ्या कारागिराला महाग म्हणण्यांत.