मोजकाठी नेमकी कोठे टेकवावी?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात, फोर्ट वर्थ शहरी, ‘मिनिएचर हॉर्स’ या अतिलहान घोड्यांचे अजिंक्यपद प्रदर्शन अनेक वर्षे भरत आले आहे. रिंगणात उतरण्याआधी घोड्याला मोजकाठीची परीक्षा द्यावी लागते. सपाट व कठीण जमिनीवर त्याला चारही पायांवर सरळ उभे करतात आणि आयाळीचे शेवटचे केस जेथे संपतात तेथे काठीची आडवी पट्टी टेकवतात. उंची ३४ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटरपेक्षा अधिक भरली की त्याला प्रवेश नाही. मग त्याची वंशावळ कितीही थोर असो.

कमरेपेक्षा खुज्या घोड्यासाठी एवढा काटेकोरपणा कशाला, असा प्रश्न आपल्याकडच्या पशुपालकाला पडेल. परंतु प्रदर्शनाची नियमावली ही केवळ गर्दी आवरण्याची सोय नसते. ज्या गुणाला बक्षीस मिळते त्या गुणाच्या नराला मागणी येते आणि ज्या नराला मागणी येते त्याचीच संतती पुढील दहा वर्षांत गावोगावी दिसू लागते. प्रवेशाच्या अटी लिहिणारी समिती, तिच्या ध्यानी असो वा नसो, पैदास धोरणच लिहीत असते. आपल्याकडे घोड्यांच्या यात्रा आणि प्रदर्शने पुष्कळ आहेत. माझ्या पाहण्यातील नियमपत्रके मात्र बहुधा शुल्क, वेळ आणि बक्षिसांच्या रकमा यांपलीकडे जात नाहीत. म्हणून या दूरदेशीच्या नियमांकडे, त्यांच्या गुणांसह आणि दोषांसह, बारकाईने पाहणे आपल्या विस्तार कार्यकर्त्यांना उपयोगी पडेल असे मला वाटते.

तेथे या घोड्यांच्या दोन प्रमुख नोंदवह्या आहेत. १९७८ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन ३४ इंचांची एकच मर्यादा मानते. दुसरी नोंदवही १८८८ पासून चालत आलेल्या अमेरिकन शेटलँड पोनी क्लबच्या छत्राखाली आहे. ती दोन गट करते: ३४ इंचांपर्यंतचा ‘अ’ गट आणि त्यावरील ३८ इंचांपर्यंतचा ‘ब’ गट. पहिल्या संस्थेने वाढत्या वयासाठीही पायऱ्या ठरवल्या आहेत. दूध तोडलेल्या शिंगराला ३० इंच, एक वर्षाच्या शिंगराला ३२, दोन वर्षांच्याला ३३ आणि त्यापुढे ३४. लहानपणी मिळालेले नोंदणीपत्र तात्पुरते असते. घोडा पूर्ण वाढल्यावर पुन्हा उंची तपासूनच ते कायम होते. घोड्याचे वय दाताच्या अंदाजाने ठरत नाही, तर नोंदणीतील जन्मवर्षावरून, १ जानेवारी ही तारीख धरून मोजले जाते. या व्यवस्थेत घोडा रिंगणात येण्याच्या कितीतरी आधी त्याचा कागद तयार झालेला असतो.

आता दोष. घोड्याची उंची जगभर सामान्यतः मान आणि पाठ यांच्या सांध्यावरील उंचवट्यापाशी मोजतात. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाची तट्टांसाठीची मर्यादाही, नालाविना १४८ सेंटिमीटर, तेथेच मोजली जाते. मिनिएचर घोड्याची मात्र आयाळीच्या शेवटच्या केसापाशी. हा बिंदू उंचवट्याच्या मागे, पाठीच्या उतारावर येतो. साहजिकच आकडा कमी भरतो. म्हणजे कागदावरचा ३४ इंची घोडा जगाच्या रीतीने मोजला तर बहुधा त्याहून थोडा उंच निघेल. शिवाय केस हे काही हाड नव्हे. मोजमापाचा बिंदू शरीराच्या अशा भागावर असावा की जो कात्रीने हलवता येत नाही. नियम करणाऱ्यांनी एवढी साधी गोष्ट सोडून दिली आणि त्यावरची टीका अजून संपलेली नाही.

याहून गंभीर दोष वेगळा आहे. नियमाने वरची मर्यादा घातली, खालची घातली नाही. जितका लहान तितका नवलाचा, आणि नवलाला किंमत. अशा निवडीतून लहान चणीबरोबर दुसरेही काही वेचले गेले. बुटकेपणाचा आनुवंशिक विकार या जातीत शिरला. फुगीर कपाळ, आखूड मान, वाकडे पाय, न जुळणारे जबडे आणि श्वासाचा त्रास घेऊन जन्मणारी शिंगरे दिसू लागली. केंटकी विद्यापीठातील संशोधकांनी या विकाराशी निगडित चार उत्परिवर्तने अॅग्रिकॅन या जनुकात शोधली. दोन वाहकांचा संयोग झाला तर सरासरीने दर चार गर्भांमागे एक बाधित असण्याचा धोका असतो. काही गर्भ तर दिवस भरण्याआधीच जातात. निरोगी मिनिएचर घोडीचे विणेही मोठ्या घोडीइतके सुलभ नसते, कारण शिंगराचे डोके तिच्या कटिभागाच्या मानाने मोठे असते.

जातीच्या मानकात बुटकेपणा अपात्र ठरवलेला आहे, हे खरे. पण वाहक घोडा दिसायला धडधाकट असतो. तो मोजकाठीखालून ताठ मानेने जातो, बक्षीस घेतो आणि पुढच्या हंगामात अनेक घोड्यांना लागतो. काठी उंची सांगते, रक्त सांगत नाही. म्हणून पैदाशीच्या नराची जनुकीय चाचणी ही आता तेथील जाणत्या पैदासकारांची रीत बनते आहे.

आपल्याकडे वारे उलट दिशेने वाहते, पण दोष तोच आहे. मारवाडी किंवा काठियावाडी घोड्याच्या बाजारात आज पहिला प्रश्न उंचीचा असतो. किती इंच? या एका आकड्यावर किमती चढतात. उंच नराच्या मागे धावताना टाच, खूर, छातीचा घेर, स्वभाव आणि दमसास यांकडे दुर्लक्ष होते. तिकडे लहानपणाचा हव्यास, इकडे उंचीचा. दोन्हीकडे एक आकडा साऱ्या जनावरावर स्वार झालेला.

या हव्यासाचा फटका आपल्या लहान घोड्यांना सर्वांत अधिक बसतो. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंदलेल्या देशी अश्वजातींत स्पितीचा चामुर्थी, लडाखचा झंस्कारी, सिक्कीम-दार्जिलिंगकडचा भुतिया आणि मणिपुरी ही तट्टाच्या चणीची जनावरे आहेत. अलीकडे नोंद झालेला आपल्या दख्खनचा भीमथडीही, जो मेंढपाळांचा संसार पाठीवर घेऊन गावोगाव फिरतो, उंचीच्या बाजारात मारवाडीसमोर उभा राहू शकत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातील घोडे व तट्टे ३.४ लाखांवर आली. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५.६ टक्के आहे. रस्ते झाले, मोटारी आल्या, हे कारण मोठेच आहे. पण जे जनावर कामातून सुटते त्याला मानाचे दुसरे स्थान मिळाले नाही तर ते नाहीसे होते, आणि प्रदर्शन हे असे एक स्थान आहे.

मणिपुरी तट्टाचे उदाहरण यासाठी बोलके आहे. आधुनिक पोलो ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात मणिपुरी खेळाडूंकडून उचलला. हे तट्टू ११ ते १३ हँडचे. एक हँड म्हणजे चार इंच. खेळ जगभर पसरला तेव्हा घोड्याच्या उंचीला मर्यादा होती. ती हळूहळू सैल होत गेली आणि पहिल्या महायुद्धानंतर उठलीच. नियमावलीतील एक ओळ गेली आणि ज्या जनावराच्या पाठीवर तो खेळ जन्मला त्यालाच जागतिक मैदानात जागा उरली नाही. आज मणिपुरात या तट्टांची संख्या हजाराच्या घरात आहे आणि राज्याला २०१६ मध्ये त्यांच्या संवर्धनाचे स्वतंत्र धोरण आखावे लागले.

माझे म्हणणे असे की देशी लहान अश्वजातींसाठी राष्ट्रीय पातळीवर वेगळे प्रदर्शन असावे आणि त्याची नियमावली आधी लिहावी, मंडप नंतर घालावा. उंचीसाठी प्रत्येक जातीचा पट्टा ठरवावा: खालची मर्यादाही आणि वरचीही, जातीच्या नोंदणीतील वर्णनाला धरून आणि खांद्यावरील उंचवट्यापाशी मोजून. पट्ट्यात बसला की उंचीचे काम संपले. तेथून पुढे एका इंचालाही गुण नसावा. गुण असावेत पायांच्या ठेवणीला, खुरांना, पाठीला आणि कामाला. चामुर्थीला चढणीच्या वाटेवर ओझे देऊन चालवावे आणि उतरल्यावर नाडी पाहावी. लांब पल्ल्याच्या अश्वशर्यतींत अशी पशुवैद्यकीय तपासणी असतेच. तेथे ठरलेल्या वेळेत नाडी मिनिटाला ६४ पर्यंत उतरली नाही तर घोडा बाद होतो. रामपूर बुशहरला लवी मेळ्याच्या आधी चामुर्थी घोड्यांचे प्रदर्शन भरतेच. सुरुवात करायला ती जागा वाईट नाही.

नियमावलीतील सर्वांत कठीण भाग रोगचाचणीचा आहे. अमेरिकेत कॉगिन्स चाचणीचा नकारार्थी अहवाल नसेल तर घोडा प्रदर्शनाच्या आवारातच येत नाही. कॉर्नेल विद्यापीठातील लिरॉय कॉगिन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी अश्वांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठी आहे. त्या रोगावर उपचार नाही आणि बाधित घोडा जन्मभर विषाणू बाळगतो. आपल्याकडे त्याच्या जोडीला ग्लँडर्स आहे, जो माणसालाही होतो. दोन्हींच्या निदानाची क्षमता हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने देशात उभी केली आहे. अडचण प्रयोगशाळेची नाही, मालकाच्या मनातील भीतीची आहे. ग्लँडर्सचा अहवाल होकारार्थी आला तर जनावर दयामरणाने संपवावे लागते आणि २००९ च्या प्राणी संसर्गजन्य रोग कायद्यान्वये परिसरातील ने-आण व बाजारही थांबतात. ज्याचे घर एका घोड्यावर चालते तो माणूस ‘नमुना द्या’ म्हटल्यावर मागच्या वाटेने निघून गेला तर त्याला दोष कसा द्यायचा? आणि तो निघून जातो तेव्हा रोगही त्याच्याबरोबर पुढच्या यात्रेला जातो.

म्हणून केवळ ‘अहवाल आणा’ अशी अट घालणे पुरेसे नाही. ती अट प्रामाणिक माणसाला अडवते आणि दुसऱ्याला बनावट कागद शोधायला लावते. प्रदर्शनाच्या महिनाभर आधी पशुवैद्यकीय पथकाने वाड्या-वस्त्यांवर, तांड्यांवर जाऊन नमुने घ्यावेत, त्याचा खर्च आयोजकांनी उचलावा आणि होकारार्थी ठरलेल्या जनावराची भरपाई किती, कोणाकडून व किती दिवसांत मिळेल हे नमुना घेण्याआधीच मालकाला त्याच्या भाषेत सांगावे. भरपाईचा धनादेश वर्षभर अडकला तर पुढच्या वर्षी त्या वस्तीवर एकही घोडा ‘घरी’ सापडणार नाही.

वयाचा प्रश्नही असाच आहे. ‘अदात’, ‘दोन दाती’, ‘चार दाती’ हे आपले वर्ग जुने व सोयीचे आहेत, पण घोड्याचे पुढचे कायमचे दात साधारण अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या सुमारास येतात. एका वर्गात वर्षभराच्या अंतराची शिंगरे सहज शेजारी उभी राहतात. जन्माची नोंद आणि मायक्रोचिप हाच त्यावर उपाय. भोवऱ्यांचे काय? देवमण शुभ आणि अमुक भोवरा अशुभ, या समजुतीने चांगली जनावरे कवडीमोल होताना आपण पाहतो. गुणपत्रिकेत भोवऱ्याला स्थान नसावे; ओळखपत्रात मात्र जरूर असावे. घोड्यांच्या आंतरराष्ट्रीय पारपत्रातही ओळखीसाठी भोवऱ्यांच्या जागा काढून दाखवतात. आजोबांचे निरीक्षण बारीक होते, त्याचा अर्थ तेवढा वेगळा लावायचा. काटेरी लगामाबद्दल मात्र चर्चेची गरज नाही. १९६५ च्या ओझेवाहू प्राणी नियमांनी तो निषिद्धच आहे. तसा लगाम दिसला की घोडा नव्हे, मालक बाद.

काही तरुण शेतकरी मिनिएचर घोडे आणून पाळण्याचा व्यवसाय करावा का, असे विचारतात. परदेशातून जनावर आणायला आरोग्यविषयक आयात परवाना लागतो. हा घोडा थोड्या खुराकावरही लठ्ठ होतो, उपाशी राहिला वा आजारी पडला तर त्याच्या रक्तात चरबी वाढून तो दगावू शकतो आणि वाहक नर गळ्यात पडण्याचा धोका वर सांगितलाच आहे. हौसेला मोल नसते, व्यवसायाला असते. मी तरी सल्ला देणार नाही.

येत्या हंगामात कार्तिक-मार्गशीर्षाच्या यात्रांबरोबर भरणाऱ्या प्रदर्शनांसाठी जिल्हा पशुसंवर्धन विभागांना फार मोठी तरतूद लागणार नाही. घोडा चारही पायांवर उभा राहील असा समतल सिमेंटचा ओटा, गवंड्याची पाणसळ बसवलेली एक मोजकाठी, जन्मनोंद व रक्तचाचणी यांचे रकाने असलेला एक पानी प्रवेशअर्ज, आणि तो अर्ज मालकाला वाचून दाखवणारा एक विस्तार कार्यकर्ता. ओटा यात्रेच्या मैदानाबाहेर, प्रवेशद्वारापाशीच बांधावा. बाद ठरलेला घोडा इतर घोड्यांत मिसळण्याआधीच तेथून परत फिरवता येतो.