फोटो पसंत आहे!

सौंदर्य वस्तूत असते की पाहणाऱ्याच्या नजरेत, यावर मागे तत्त्वज्ञानाच्या तासाला बरीच चर्चा झाली. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे अशा चर्चेत तोंड उघडायची अजून भीती वाटते. नाहीतर त्या दिवशी सांगितले असते की, सर, सौंदर्य आमच्या नाक्यावरच्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरमध्ये असते. मी ते डोळ्यांनी पाहिले आहे.

ताईच्या लग्नासाठी फोटो काढायचा होता. ताई सावळी, बाबांच्या वळणावर गेलेली. कपाळावर कांजिण्यांचा एक व्रण. फोटो झाल्यावर आई म्हणाली, "भाऊ, जरा उजळ करा हं." त्याने माऊस फिरवला. व्रण गेला, नाक किंचित बारीक झाले, आणि रंग तर असा उजळला की ताईने पडद्याकडे पाहून विचारले, "ही कोण?" आम्ही सगळे हसलो. पैसेही दिले.

फोटो पसंत पडला, पाहुणे आले. मुलाची आई मोबाइलकडे बघे, मग ताईकडे, पुन्हा मोबाइलकडे. "फोटोत वेगळी दिसते," एवढेच त्या बोलल्या. पोहे संपले, पुढे निरोप आला नाही. ताईने आठवडाभर आरसा टाळला. दुसऱ्या कुणा मुलीने तिला मागे टाकले असते तर एक वेळ समजले असते. इथे तिचा स्वतःचाच फोटो तिच्यापुढे उभा राहिला होता.

हे वेड कॉम्प्युटरने आणले असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने सुरकुत्या बुजवणारे कारागीर जुन्या स्टुडिओत असतच. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेल्या छापखान्यातून ज्या देवी घरोघर गेल्या, त्याही गोऱ्यापान. आणि हे सावळ्या विठोबाला माउली म्हणणाऱ्या महाराष्ट्रात! पण पेन्सिलीला वेळ लागे. १९९० साली फोटोशॉप आले, तो वेळ उरला नाही. आज डॉ. आंबेडकर रोडवरच्या फलकांवर एकही चेहरा छिद्रांचा, मुरमांचा दिसत नाही, आणि मोबाइलचा कॅमेरा तर कित्येकदा न विचारताच गाल गुळगुळीत करून ठेवतो.

हिंदुस्थान लिव्हरने १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणली. सावळ्या मुलीला नोकरी नाही, नवरा नाही, क्रीम लावताच दोन्ही हजर, अशा जाहिरातींवर आपल्या पिढीतल्या मुली वाढल्या. सावळ्या माणसांना दुःखी, अपयशी दाखवू नये, असा नियम अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०१४ साली केला. २०२० मध्ये नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. आई अजून दुकानात जुनेच नाव सांगते आणि दुकानदार न चुकता तीच ट्यूब काढून देतो.

फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचे अंग बारीक-जाड केले असेल तर तसे छापावे लागते. नॉर्वेने पुढे त्वचेत केलेला फेरफारही त्यात धरला. आपल्याकडे असा कायदा यावा, आणि त्यात रंग पहिल्या कलमात असावा, असे माझे मत आहे. पण त्याने ताईचा प्रश्न सुटला नसता, हेही कबूल केले पाहिजे. फलकावर सूचना छापता येईल. "जरा उजळ करा" म्हणणाऱ्या आईवर कोणती सूचना छापणार? तिला खोटेपणा करायचा नव्हता. बाजारात काय चालते, ते ती ओळखून होती.

बाजारावरून आठवले. आमच्या आजोबांनी कॉटन ग्रीनच्या गोदामांत कापसाच्या गाठी वाहिल्या. ते सांगत, दलाल गाठीतून मूठभर नमुना काढी, उजेडात रंग पाही, मग चिमटीत तंतू ओढून त्याची लांबी आणि बळ पाही. पांढऱ्या कापसाला भाव जास्त, हा न्याय तिथेही होताच. पण तंतू ओढून पाहिल्याशिवाय सौदा होत नसे.

असो. परवा ताईचा पुन्हा फोटो काढला. चाळीच्या गॅलरीत, दुपारच्या उजेडात, मीच काढला, मोबाइलमधली ती गाल गुळगुळीत करायची सोय बंद करून. व्रण स्पष्ट दिसतो. आई म्हणाली, "अगं, निदान पावडर तरी लाव." ताईने लावली, तेवढे मलाही मान्य आहे. फोटो दोन ठिकाणी पाठवला. एका घरून उत्तर नाही. दुसऱ्यांनी रविवारी येतो म्हणून कळवले आहे.