मांजराला उपवास नसतो



गेल्या भाद्रपदात दशलक्षण पर्व सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या ठकीनं खाणं सोडलं. वय वर्षं १४. वाटीजवळ जायची, वास घ्यायची आणि तोंड फिरवून कपाटाखाली जाऊन बसायची. घरात सगळ्यांचेच उपवास आणि एकाशनं चालू होती. मंदिरातून परतताना आक्का, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, घरी डोकावल्या. तिच्याकडे बघून म्हणाल्या, "पर्वात खाणं सोडलंय बघ. पुण्यवान जीव आहे. सल्लेखना समज तिची. उगीच जबरदस्ती करू नकोस गं."

आक्का मायेनंच बोलल्या. आणि खरं सांगते, ते ऐकून मला बरं वाटलं. पर्वाच्या गडबडीत दवाखान्याची फेरी वाचली, शिवाय न केलेल्या कामाला धर्माचं नाव मिळालं. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी अभिषेकाला निघताना तिच्या हनुवटीवर लाळ दिसली आणि पोटात धस्स झालं. अभिषेक राहू दिला आणि तिला टोपलीत घालून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून दाखवलं. खालच्या दाढेचं मूळच खराब झालं होतं, हिरडी लालभडक सुजली होती. रक्तात क्रिएटिनिनही वाढलेलं. ते म्हणाले, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठायला लागते. मग मूळ दुखणं बाजूला राहतं आणि यकृतच जीव घेतं.

ती सल्लेखना नव्हती. तिची दाढ दुखत होती.

त्या दिवसापासून हे लिहायचं मनात होतं, कारण म्हाताऱ्या जनावराबद्दल असं बोलणं आपल्या घरांतून मी खूपदा ऐकलं आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखना कधी घ्यावी ते सांगितलं आहे. उपसर्ग, दुष्काळ, म्हातारपण किंवा रोग, आणि तोही असा की ज्यावर काही इलाज उरलेला नाही. म्हणजे पहिला प्रश्न इलाजाचा आहे. तो तपासल्याशिवाय पुढचं बोलताच येत नाही. शिवाय सल्लेखना हे व्रत आहे. ते जाणून, समजून, कषाय कमी करत घ्यायचं असतं. तिर्यंच जीवही अणुव्रतं पाळू शकतो असं आपलं शास्त्र मानतं, हे मला ठाऊक आहे. पण त्यानं व्रत घेतलं की नाही, हे आपल्या सोयीनं आपण ठरवायचं नाही. उलट आपल्या आश्रयाला असलेल्या जिवाचं अन्नपाणी अडवणं हा अहिंसाणुव्रताचा अतिचार आहे, अन्नपाननिरोध. दुखऱ्या तोंडाच्या मांजरापुढे भरलेली वाटी ठेवून "खात नाही बाई" म्हणणं त्यापासून किती दूर आहे?

याआधी आमचा भुऱ्या गेला. शेवटचे पाच-सहा महिने तो सारखा पाणी प्यायचा आणि वाळत चालला होता. आम्ही म्हणायचो, "वय झालं त्याचं." नेला तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ संपली होती. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर मूत्रपिंडांचं साधारण तीन-चतुर्थांश काम गेलेलं असतं. जास्त तहान ही त्याच्या आधीची खूण होती. ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती म्हातारपणात जमा केली. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत प्रमाद आधी येतो. भुऱ्याला मी काठी मारली नाही, उपाशी ठेवलं नाही. पण प्रमाद माझाच होता. मांजर दुखणं लपवतं, ओरडत नाही. म्हणून बघणाऱ्यावरची जबाबदारी वाढते.

आता घरात चार आहेत. ठकी, सोनी, काळू आणि चिंगी. सगळ्यांनी दहा वर्षं ओलांडली आहेत. एकच मांजर असेल तर वाटी रिकामी झाली की ते जेवलं हे कळतं. चार असली की रिकामी वाटी काहीच सांगत नाही. म्हणून आता प्रत्येकाची वाटी वेगळ्या खोलीत असते आणि वीस मिनिटांनी उचलते. ठकीचं मूत्रपिंडाचं खाणं काळूनं पळवू नये, हाही त्यात हेतू आहे. मातीचे ट्रे पाच आहेत, मांजरं असतील त्याहून एक जास्त, आणि ते रोज साफ करताना कुणाची ओल वाढली, कुणाला खडा झाला हे बघते. बोका सारखा ट्रेवर बसतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, तो जिवावरचा प्रसंग असतो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लहान बाळांच्या काट्यावर चौघांची वजनं करते आणि वहीत लिहिते. सोनी दोन महिन्यांत ४ किलोवरून ३.६ वर आली. खात तर दुप्पट होती, म्हणून आमचे हे म्हणाले, "तब्येत चांगली आहे की." ६० किलोच्या माणसाचे ६ किलो जावेत, तसं ते होतं. थायरॉइड निघालं. आता रोज दोन वेळा गोळी. काळू खिडकीत उडी मारेनासा झाला, त्यालाही मी आधी आळशी म्हणाले होते. सांधे दुखत होते. खिडकीखाली एक पाट ठेवला, डॉक्टरांनी औषध दिलं. एक कळकळीची विनंती, माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. एक गोळीही जीव घेऊ शकते.

आमची चूल सूर्यास्ताआधी बंद होते. मांजरांना तो नियम मी लावत नाही. रात्री गाळलेल्या पाण्याच्या तीन वाट्या घरभर असतात.

आता ज्या गोष्टीवरून मला बोलणी खावी लागतात, ती. माझ्या घरात कंदमूळ येत नाही, आणि मांजरांसाठी मासळीचं पाकीट येतं. पहिली काही वर्षं मी त्यांना दूधभात आणि तूप-चपातीवर ठेवलं होतं. मांजराचं शरीर टॉरिन पुरेसं बनवू शकत नाही. ते कमी पडलं की डोळे जातात आणि हृदय कमजोर होतं. हृदयाचा हा संबंध १९८७ साली सिद्ध झाला. दूध तर बहुतेक मोठ्या मांजरांना पचतही नाही. माझा नियम पाळायला त्यांचे डोळे आणि हृदय खर्ची घालायचं, हे मला जमलं नाही. पण म्हणून त्या पाकिटात हिंसा नाही असं मी म्हणणार नाही. ती आहे आणि माझ्या खात्यावर आहे. प्रतिक्रमणात मी तिचं नाव घेऊन आलोचना करते.

म्हणूनच मांजर हौसेनं पाळू नये, असं माझं मत आहे. कार्तिकेयानुप्रेक्षेत मांजरासारखे हिंसक जीव बाळगणं अनर्थदंडात मोजलं आहे, ते उगाच नाही. आमची चौघं पावसात दाराशी सोडलेली पिल्लं होती. सगळ्यांची नसबंदी केली आहे आणि आता नवीन मांजर आणणार नाही. पण एकदा घेतलेल्या जिवाचं म्हातारपण निभावणं हा वेगळा प्रश्न आहे, आणि तिथे माघार नाही. पर्वात आपण जीवदयेची पावती फाडतो, ती जरूर फाडावी. पण घरातल्या जिवाची रक्ततपासणी हीसुद्धा जीवदयाच आहे.

शेवटी इंजेक्शन देऊन झोपवणार का, असं मला विचारतात. माझ्या श्रद्धेत ते बसत नाही, मी करणार नाही. पण मग तिची वेदना कमी ठेवणं हे माझं काम होतं. नुसतं णमोकार म्हणून ते भागत नाही. जीवंधरकुमारांनी मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार म्हटला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. आधी त्यांनी त्याला वाचवायची धडपड केली होती, हेही सांगायला हवं.

दाढ काढल्यावर चौथ्या दिवशी ठकी जेवली. दिवसाआड तिला कातडीखालून सलाईन देते, डॉक्टरांनी शिकवलं आहे. सुई टोचताना ती कुरकुरते, मी णमोकार म्हणते, दहा मिनिटांत होतं. परवा आक्का आल्या होत्या. त्यांनीच बाटली धरली.