मंजुरीपूर्वी जमिनीची तपासणी

पुणे-नगर रस्त्याच्या दुतर्फा जी शेते कालपरवापर्यंत ज्वारीने डोलत होती, त्यांत आता चुन्याच्या रेघा आखून भूखंडांचे फलक उभे राहिले आहेत. घरे झालीच पाहिजेत. परंतु ज्या जमिनीचा सातबारा तपासला जातो, मोजणी होते, हद्दी कायम होतात, तिच्या पोटात काय आहे याची चौकशी मात्र संरक्षित स्मारकांच्या परिसराबाहेर सक्तीची नसावी, ही उणीव मला अक्षम्य वाटते.

याच टापूत, शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी वसलेल्या इनामगावी, डेक्कन कॉलेजने १९६८ साली आरंभिलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातील शंभराहून अधिक घरांचे अवशेष उजेडात आले. त्या घरांच्या सारवलेल्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली असत आणि त्यांत एखाद्या बालकाच्या अस्थी असत. प्रौढांना पुरताना मात्र त्यांची पावले घोट्यापाशी तोडलेली आढळली. मृताने घर सोडून जाऊ नये, असा त्यामागील भाव असावा, हा विद्वानांचा तर्क मला पटतो. अशी घरे ओळखायची ती खांबांच्या खळग्यांवरून, चुलीतल्या राखेवरून आणि मातीच्या किंचित पालटलेल्या रंगावरून. जेसीबीच्या एका फेऱ्यात ही सारी नोंद कायमची पुसली जाते.

आपले कायदे येथे पुरे पडत नाहीत. १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा राज्याचा कायदा मुख्यतः घोषित स्थळांचे रक्षण करतात. १८७८ चा निखात निधीविषयक कायदा दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यास वर्दी द्यावयास सांगतो. दायमाबादला १९७४ साली झाडाचे मूळ खणताना एका शेतकऱ्याला जो रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा गवसला, तो ऐवज ब्राँझचा होता, म्हणून त्याची दखल घेतली गेली. खापराला आणि राखेला बाजारात मोल नाही, आणि इतिहास तर बहुधा त्यांतच असतो.

इंग्लंडात १९९० पासून नियोजनाच्या धोरणातच अशा तपासणीची तजवीज आहे. घरबांधणीस परवानगी देण्यापूर्वी, जेथे अवशेषांची शक्यता दिसते तेथे, बिनदाती बादलीच्या यंत्राने शेतात लांबट चाचणीचर खणतात. त्यांनी क्षेत्राचा बहुधा २ ते ५ टक्केच भाग उघडा पडतो, आणि खर्च बांधकाम करणाऱ्याने सोसायचा असतो. काही आढळल्यास अवशेष जागीच राखण्यासाठी नकाशा बदलतात, अथवा रीतसर उत्खनन व नोंद करून बांधकामास वाट मोकळी करून देतात.

आपल्याकडे खापर दिसले की जमीन सरकारजमा होईल, या धास्तीने मालक ते गुपचूप बुजवतो, आणि त्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. कारण त्याला अभय देणारा नियमच आपण केलेला नाही. म्हणून रेखांकनाला मंजुरी देण्यापूर्वी, निदान नदीकाठच्या शेतांत आणि जुन्या पांढरीच्या आसपास, पुरातत्त्वाच्या जाणकाराकडून पाहणी सक्तीची व्हावी, तिला ठराविक मुदत असावी, खर्च विकासकाकडून वसूल व्हावा, आणि केवळ अवशेष निघाले म्हणून शेतकऱ्याच्या मालकीहक्काला बाध येणार नाही, अशी लेखी हमी त्याच आदेशात नमूद असावी.