माईक नको, रांग द्या

आणखी एक पद आलं. स्पेस स्टेशन 13 हा ऑनलाइन भूमिकाखेळ खेळणाऱ्या आमच्या मंडळींपुढे या आठवड्यात ‘कम्युनिकेशन्स ऑफिसर’चा प्रस्ताव ठेवला गेला. प्रस्ताव दोन पानी आहे. पहिलं पान अख्खं गणवेशाचं: गडद निळा कोट, खांद्यावर चंदेरी पट्टी, टोपी, कॅप्टनच्या शेजारची खुर्ची, ब्रिजवर जायची परवानगी. कामाची पाळी येते दुसऱ्या पानाच्या तळाशी. घोषणा करणे, सेंट्रल कमांडशी पत्रव्यवहार ठेवणे, रेडिओवर शिस्त राखणे. संपलं.

हे वाचून मला चौकाचौकातले फ्लेक्स आठवले. तिथे संपर्कप्रमुख असतात, सहसंपर्कप्रमुख असतात, कोणी कोणाशी संपर्क साधायचा ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. पदांच्या सोसाबद्दल मी इथे किती वेळा लिहिलंय ते नेहमीचे वाचक जाणतात. जॅनिटर हे या खेळातलं सर्वांत नीट रचलेलं पद आहे, असं म्हटल्यावर किती शिव्या खाल्ल्या तेही जाणतात. माझी कसोटी बदललेली नाही. हा माणूस आज कामावर आला नाही तर कोणाचं काय अडेल? जॅनिटर नसेल तर रक्त, तेल आणि केळ्याची सालं जमिनीवर तशीच राहतात आणि पळणारा डॉक्टर पेशंटसकट आडवा होतो. हा नवा साहेब आला नाही तर एक खुर्ची रिकामी राहील.

प्रस्ताव मांडणारा पोरगा चांगला खेळतो. ‘काका, तुम्ही विरोध करणार हे गृहीत धरलं होतं,’ म्हणाला. अरे बाबा, विरोध पदाला नाही. तू त्याच्या हातात माईक दिलास, त्याला आहे. माईक या स्टेशनवर सगळ्यांकडेच आहे.

हेडसेट प्रत्येकाच्या कानाला असतो. वाक्याआधी अर्धविराम टाइप केला की ते सार्वजनिक वाहिनीवरून सगळ्या स्टेशनला ऐकू जातं. या अर्धविरामाने खेळाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं अणुबॉम्ब घेऊन येणाऱ्या हल्लेखोरांनीही केलेलं नाही. कोणत्याही फेरीतला अर्धा मिनिट घ्या. ‘जेवण कधी मिळणार?’ ‘मेंटेनन्समध्ये कोणीतरी आहे.’ ‘कोण?’ ‘क्लाउनने माझे बूट नेले.’ ‘इंजिन’. ‘इंजिनचं काय?’ ‘बूट परत कर.’ ‘हॅलो, इंजिनचं काय?’ आणि मग दिवे जातात. इंजिनबद्दल सांगू पाहणारा पहिल्या शब्दानंतरच मेलेला असतो. त्या गोंधळात रेडिओची शिस्त पाळणारा एकच जण असतो, तो म्हणजे माइम. त्याने मौनाची शपथच घेतलेली असते.

अशा बाजारात आणखी एक बोलणारा नेमून शिस्त येते, हा समज गोड आहे.

प्रस्तावात दाखले दोन. पहिला अर्थातच स्टार ट्रेकमधल्या संपर्क अधिकारी उहुराचा. निशेल निकोल्स यांनी 1966 पासून ती खुर्ची अजरामर केली, मान्य. पण ती अभिनेत्रीची पुण्याई, खुर्चीची नाही. ‘गॅलेक्सी क्वेस्ट’ या 1999 च्या चित्रपटात सिगर्नी वीव्हरच्या पात्राचं जहाजावरचं काम काय, तर कॉम्प्युटर जे बोलला ते पुन्हा मोठ्याने बोलायचं. ती थट्टा कुठल्या खुर्चीवर बेतली होती हे सांगायला नको. स्टार ट्रेकचाच ‘ब्रिज क्रू’ हा खेळ 2017 मध्ये आला, तेव्हा करणाऱ्यांनी कॅप्टन, सुकाणू, शस्त्रं आणि इंजिन अशी चार पदं ठेवली आणि संपर्काचं काम कॅप्टनच्या गळ्यात टाकून मोकळे झाले. ‘आर्टेमिस’ या अशाच खेळात संपर्काची वेगळी खुर्ची आहे, आमच्याकडे ती उशिरा येणाऱ्याला शिक्षा म्हणून मिळायची. ‘एम्टी एप्सिलॉन’वाल्यांना मात्र कळलं. त्यांनी संपर्काच्या जोडीला दूरवरचा नकाशा, प्रोब सोडणं आणि हॅकिंग देऊन त्याला ‘रिले’ केलं. इतरांना न दिसणारं काही त्याला दिसतं, म्हणून त्याला विचारावं लागतं.

दुसरा दाखला नासाच्या कॅपकॉमचा. मर्क्युरी मोहिमांपासूनची ही पद्धत: जमिनीवर कितीही तज्ज्ञ बसलेले असोत, अंतराळवीरांशी बोलणारा आवाज एकच, आणि तोही बहुतेक वेळा स्वतः अंतराळवीर. अपोलो 11 चंद्रावर उतरलं तेव्हा तो आवाज चार्ली ड्यूक यांचा होता. झकास. पण तिथे बाकीच्यांच्या हातात यानाशी बोलायचं बटण नसतं. त्यांचं म्हणणं फ्लाइट डायरेक्टरकडे जातं आणि तिथून गाळून कॅपकॉमकडे. आपल्याकडे क्लाउनच्या हातातही ते बटण आहे. बाकीच्यांची तोंडं तशीच उघडी ठेवून कॅपकॉम नेमला तर तो बापडा काय करणार? ‘कृपया शांतता राखा’ म्हणेल आणि गोंगाटात एक वाक्य वाढवेल.

मला विचाराल तर या पदाचा खरा धडा अंतराळात नाही, 1912 च्या एप्रिलमध्ये उत्तर अटलांटिकवर आहे. टायटॅनिकची प्रेमकथा सगळ्यांना पाठ, पण तिथल्या वायरलेसच्या खोलीत काय चाललं होतं ते खेळ रचणाऱ्या प्रत्येकाने वहीत उतरवून घ्यावं.

खोलीत दोन पोरं: पंचविशीचा जॅक फिलिप्स आणि बाविशीचा हॅरॉल्ड ब्राइड. जहाज व्हाइट स्टार लाइनचं, पोरं मार्कोनी कंपनीची. मार्कोनीचा धंदा प्रवाशांच्या तारांवर चालायचा: पोचतोय, तब्येत बरी आहे, स्टेशनवर गाडी पाठवा. शुक्रवारी रात्री यंत्र बिघडलं, या दोघांनी पहाटेपर्यंत खपून ते दुरुस्त केलं आणि तोवर तारांचा ढीग साचला. रविवारी, 14 तारखेच्या रात्री, फिलिप्स तो ढीग न्यूफाउंडलंडमधल्या केप रेस केंद्राकडे उपसत बसला होता.

त्याच दिवशी हिमनगांचे इशारेही येत होते. दुपारी बाल्टिक जहाजाचा आला. तो नीट कॅप्टन स्मिथपर्यंत पोचला. स्मिथने तो कागद व्हाइट स्टारचे अध्यक्ष इस्मे यांच्या हातात दिला आणि इस्मे यांनी तो खिशात घातला. संध्याकाळी कॅप्टनने मागितला तेव्हा परत मिळाला. रात्री पावणेदहाच्या सुमारास मेसाबा जहाजाचा इशारा आला, थेट वाटेतल्याच बर्फाचा. चौकशीत जे पुढे आलं त्यानुसार तो ब्रिजवर गेलाच नाही. अकराच्या सुमारास जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजावरून सिरिल इव्हान्स बोलू लागला: आम्ही बर्फात अडकून थांबलोय. कॅप्टनसाठीचा अधिकृत संदेश असेल तर त्याआधी ठरलेलं संकेताक्षर लावायचा रिवाज होता. याने दोस्ताला हाक मारावी तशी सुरुवात केली. जहाज इतकं जवळ की त्याचा आवाज फिलिप्सच्या कानात बॉम्बसारखा फुटला आणि केप रेस बुडालं. गप्प बस, मी कामात आहे, असं फिलिप्सने त्याला झापलं.

इव्हान्स गप्प बसला. थोडा वेळ ऐकत राहिला, मग यंत्र बंद करून झोपायला गेला. त्या जहाजावर रेडिओवाला तो एकटाच, सकाळपासून कामावर होता. त्यानंतर थोड्याच वेळात, 11 वाजून 40 मिनिटांनी, टायटॅनिक हिमनगाला घासलं.

यापुढची गोष्ट कोणी खेळात घातली असती तर आपण ‘फारच ओढूनताणून’ म्हटलं असतं. मध्यरात्रीनंतर कॅलिफोर्नियनचा तिसरा अधिकारी ग्रोव्हज इव्हान्सच्या खोलीत डोकावला. त्याला वायरलेसची हौस होती. अर्धवट झोपेतल्या इव्हान्सशी दोन शब्द बोलून त्याने हेडफोन कानाला लावले. टायटॅनिकची मदतीची हाक त्या सुमारास हवेत होती. पण त्या ग्राहकयंत्राला घड्याळासारखी चावी द्यावी लागे, आणि हे ग्रोव्हजला माहीत नव्हतं. काही ऐकू आलं नाही. हेडफोन ठेवून तो निघून गेला.

हाक ऐकली ती सुमारे 58 मैलांवरच्या कार्पेथियावर. तिथला हॅरॉल्ड कॉटम झोपायच्या तयारीत होता. दुसऱ्या एका जहाजाच्या उत्तराची वाट पाहत असल्यामुळे हेडफोन अजून कानावर होते. त्याने सहज टायटॅनिकला कळवलं, केप कॉड केंद्राकडे तुमच्या तारा साचल्यात. उत्तर आलं, ताबडतोब या. सातशेहून अधिक माणसं वाचली ती या उशिरा काढलेल्या हेडफोनमुळे. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला आणि 1914 मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय करार झाला: रेडिओवर अहोरात्र कोणीतरी कान लावून बसलंच पाहिजे.

आता या सगळ्या प्रकरणात ‘घोषणा’ कुठे दिसली? फिलिप्स, इव्हान्स, कॉटम हे तिघे कोणाहून मोठ्याने बोलले म्हणून इतिहासात गेले नाहीत. समोर साचलेल्या ढिगातलं आधी काय पाठवायचं, कोणता कागद ब्रिजवर न्यायचा, कोणाला थांब म्हणायचं, कान कधी काढायचा, हे त्यांनी ठरवलं. तेही दमलेल्या अवस्थेत आणि कंपनीचा धंदा डोक्यावर असताना. फिलिप्सकडे अडून राहण्यासारखं काहीतरी होतं. तेच या पदाचं मर्म, आणि प्रस्तावात नेमकं तेच नाही.

म्हणून माझा पर्यायी मसुदा. विभागांच्या वाहिन्या जशा आहेत तशा ठेवा. डॉक्टर डॉक्टरांशी बोलोत, शिपाई शिपायांशी. सार्वजनिक वाहिनी मात्र या अधिकाऱ्याच्या खोलीतून जाऊ द्या. अर्धविराम टाकलेलं प्रत्येक वाक्य त्याच्यापुढे पट्टीवर उमटेल आणि तो सोडेल तेव्हाच स्टेशनला ऐकू जाईल. मिनिटाला ठरावीकच वाक्यं सोडता येतील. ‘इंजिन’ एवढा एकच शब्द आलाय, त्याच्या पुढेमागे बुटांची आठ वाक्यं आहेत. काय सोडशील? तो शब्द निरर्थक म्हणून मागे ठेवलास तर दिवे जातील. घाईने सोडलास आणि काहीच झालेलं नसलं, तर सगळं स्टेशन घाबरून शटल बोलावायला कॅप्टनच्या दारात उभं राहील.

सेंट्रल कमांडचे संदेश सध्या हव्या त्या पडद्यावर उमटतात. ते कागदावर फक्त याच्याच खोलीत छापा आणि कॅप्टनपर्यंत हाताने न्यायला लावा. कागद वाटेत हरवू शकतो, कोणी हिसकावू शकतो, कॅप्टन घडी करून खिशातही घालू शकतो. आणि टेलिकॉमची यंत्रं याच्या ताब्यात द्या. रिसीव्हर, बस, प्रोसेसर, सर्व्हर, ब्रॉडकास्टर ही साखळी खेळात कधीची आहे. इंजिनिअर तिच्याकडे ती बंद पडल्यावरच बघतात. संपर्क तुटण्याची घटना मध्येच घडतेच, तेव्हा चावी कुठे द्यायची हे ज्याला कळतं असा एक माणूस असू द्या. बाकीच्यांना ग्रोव्हज होऊ द्या.

‘हे सगळं एआयला का देऊ नये?’ असं कोणीतरी विचारणारच. स्टेशनचा एआय सगळ्या वाहिन्या ऐकतो, दमत नाही, झोपत नाही. म्हणूनच नको. रात्रभर न थकणारा फिलिप्स नेमला तर बर्फाचा इशारा वेळेवर पोचतो आणि आपण सगळे कंटाळून घरी जातो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. नवख्याला वाटेल, माझं तोंड बांधलं. पण स्टेशनवर पाय चालतात, पीडीएवरून निरोप जातो, नळ्यांतून पाकिटं जातात. ज्याला खरंच काही सांगायचं असेल तो चालत येईल, खोलीचं दार वाजवेल, ‘साहेब, माझं आधी सोडा’ म्हणून गळ घालेल. गळ घालणं, धमकावणं, लाच देणं हा खरा भूमिकाखेळ. अर्धविरामाने तो सगळा खाऊन टाकला. माझं तर म्हणणं आहे की एकमेकांशी न बोलणारी स्टेशनं अर्धविरामामुळेच झाली, पुरावा मागू नका.

आणि त्याला गद्दार होता येऊ द्या. या खेळात कोण फितूर निघेल याची चिठ्ठी फेरीच्या सुरुवातीलाच पडते. ती त्याच्या नावावर पडली तर त्याला काही फोडायची गरज नाही, कोणावर गोळी झाडायची गरज नाही. एक वाक्य अर्धा मिनिट उशिरा सोडलं की पुरे. नंतर चौकशीत तो म्हणेल, साहेब, ढीग फार होता. खरं होतं की खोटं, हे ठरवायला सुरक्षाप्रमुखाला घाम फुटला आणि स्टेशनची दोन तटांत वाटणी झाली, की समजा पद जमलं.

— सोंगटी