कासव विहिरीत टाकू नका



आपल्या पत्रिकेत लागण, खोडवा, पाचट, ठिबक यांवर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी त्यातला नव्हे. आज जे लिहितो आहे त्याने एकरी एक टनही ऊस वाढणार नाही. पण विषय आपल्या बांधावरचाच आहे, म्हणून चार ओळी वाचाव्यात ही विनंती.

गेल्या मे महिन्यात गावतळ्यातला गाळ आमच्या रानात टाकायचे काम चालू होते. 2017 सालापासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली आणि तेव्हापासून आपल्यापैकी अनेकांनी मुरमाड रानं गाळ घालून सुधारली. काम चांगले आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तर तिसरी ट्रॉली पालथी झाली आणि ट्रॅक्टरवरचा पोरगा ओरडला, “तात्या, इकडं या, धोंडा हालतोय!”

धोंडा नव्हताच. कासव होते. जेवणाच्या ताटाएवढे, चिखलाने माखलेले. पाणी ओतले तेव्हा खाली तपकिरी, गुळगुळीत पाठ दिसली. डोके आत, पाय आत, आणि मागच्या पायांवर कातडीचे दोन पडदे दार लावावे तसे मिटलेले.

पाच मिनिटांत दहा माणसे जमली आणि दहा मते निघाली. एक म्हणाला विहिरीत टाका, पाणी स्वच्छ राहील. दुसरा म्हणाला घरात ठेवा, लक्ष्मी येईल. तिसऱ्याने मला बाजूला घेतले. “तात्या, वीस नखी असलं तर पार्टी हाय आपल्याकडं. लाखात देतीत.”

मी म्हटले, मोज मग. त्याने मोजली. एकेका पायाला तीन, म्हणजे चार पायांना मिळून बारा. त्याचा चेहरा पडला. पुन्हा मोजली, पुन्हा बाराच.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. या वीस नखांपायी आपल्याकडे चांगली शिकलेली माणसेसुद्धा गंडवली जातात, पैशाचा पाऊस पडेल म्हणून उसाच्या बिलाची रक्कम भोंदूच्या हातावर ठेवतात. मऊ पाठीच्या कासवाला निसर्गाने प्रत्येक पायाला तीनच नखे दिली आहेत. टणक पाठीचे जे काळे कासव आपल्या ओढ्यात दिसते त्याला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, म्हणजे अठरा. वीस कुठूनच होत नाहीत. शिवाय असल्या अघोरी प्रकारांवर राज्यात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. आणि वन्यजीव संरक्षण कायद्यात हे मऊ पाठीचे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. ते पकडणे, विकणे यास किमान तीन वर्षे, जास्तीत जास्त सात वर्षे कैद आणि वर दंड. घरात बादलीत ठेवले तरी गुन्हाच. ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही.

आता ओळखावे कसे ते सांगतो. मागच्या पायांवर पडदे असलेले, पाठीवर खवले नसून कातडे असलेले, ते हे आपल्या तळ्या-कालव्यातले नेहमीचे कासव. बेडूक, गोगलगाई, मेलेले मासे, पाणवनस्पती, सगळे खाते. तळे आटू लागले की चिखलात स्वतःला गाडून घेते आणि पाऊस पडेपर्यंत तसेच राहते. म्हणूनच ते गाळाच्या ट्रॉलीत येते. पहिला पाऊस झाला की हेच बाहेर पडून बांध ओलांडत चालू लागते. रात्री दारे धरायला गेलेल्या माणसाला बॅटरीच्या उजेडात सरीत दिसते तेही बहुधा हेच.

पाठ अशीच मऊ, पण मागचे पडदे नाहीत, डोके हिरवट, नाक नळीसारखे पुढे आलेले आणि आकार दोन फुटांपर्यंत, असे दिसले तर ते नदीतले मोठे कासव समजावे. त्याच्या पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखे चार-सहा गोल ठिपके असतात. 1872 साली ग्रे नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिले ते पुण्याकडच्या नमुन्यावरून. म्हणजे ते अगदी आपल्या मुलखातले, आणि दख्खनच्या नद्यांबाहेर फारसे नाहीच. आज ते इतके दुर्मिळ झाले आहे की 2022 साली पनामाला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून त्याच्या व्यापाराला सर्वांत कडक बंदी लागली.

तिसरे ते टणक, काळपट पाठीचे, पाठीवर उभे तीन कंगोरे असलेले. आणि डोळ्यामागे लाल पट्टा दिसला तर ते आपले नव्हेच. ते अमेरिकेतले, शहरात काचेच्या पेटीत पाळलेले, मोठे झाल्यावर कुणीतरी तळ्यात आणून सोडलेले. असे पाहुणे आपल्या पाण्यात कृपा करून सोडू नयेत.

आता विहिरीबद्दल. इथे वडीलधारी मंडळी रागावतील, पण मला बोलायचा अधिकार आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. 1971 साली मी शाळकरी पोर होतो. ओढ्यात सापडलेले कासव मोठ्या कौतुकाने आमच्या विहिरीत सोडले. आईने वरून हळदकुंकू टाकले. वर्षभर ते दिसायचे, पाण्यावर नाक काढायचे. मग 1972 चा दुष्काळ आला. विहीर तळाला गेली. घागर भरायला चुलते खाली उतरले तेव्हा कपारीला कासवाची पाठ तेवढी उरली होती.

ओढ्यात असते तर ते चिखलात गाडून घेऊन तगले असते, नाहीतर रातोरात दुसऱ्या पाण्याला गेले असते. विहिरीचा तळ कातळाचा, कडा उभ्या. गाडून घ्यायला चिखल नाही, वर यायला वाट नाही. मादी असेल तर अंडी घालायला काठाची माती लागते, तीही नाही. पाणी स्वच्छ ठेवते म्हणावे, तर ते जे खाते ते त्याच पाण्यात टाकते. वाराणसीला गंगा शुद्ध करण्यासाठी सरकारने कासवे सोडली होती हे खरे, पण ती वाहती नदी. आपली विहीर म्हणजे त्याला जन्मठेप.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. जेजुरीला पितळी कासवापुढे आपण भंडारा उधळतो, गावच्या देवळात दगडी कासवाला पाय लागला तर कानाला हात लावतो. जिवंत कासवाला मात्र पोत्यात घालतो. ऊसतोडीची टोळी फडात कासव सापडले की शिजवते, असा ठपका आपण ठेवतो. पण त्या गरिबांना कुणी कधी सांगितले आहे का? थळ मोडायच्या आधी मुकादमाला आपणच दोन शब्द सांगितले तर काय बिघडते?

माझी सूचना इतकीच आहे. शेतकी खात्याने प्रत्येक गटऑफिसच्या भिंतीवर कासवांची मोठी चित्रे लावावीत, जिथे सभासद आणि मुकादम दोघेही चिठ्ठीसाठी उभे असतात. गाळ काढताना जेसीबीवाल्याला सांगावे की अगदी पाण्याकाठचा, ओला चिखल शेवटी उचल. कासव निघालेच तर मागच्या बाजूने, दोन्ही हातांनी पाठ धरून उचलावे. मान लांब असते, चावते. ओल्या पोत्यासह घमेल्यात ठेवावे आणि सापडले त्याच तळ्यात, ओढ्यात सोडावे. जखमी असेल तर वनखात्याला 1926 या नंबरवर फोन करावा.

आमचे ते कासव आम्ही संध्याकाळी तळ्यावर परत नेले. मधल्या डबक्यात हातभर पाणी उरले होते. काठावर ठेवले. बराच वेळ हालले नाही. ट्रॅक्टरवाला पोरगा म्हणाला, “तात्या, मेलं वाटतं.” मी म्हटले, थांब जरा. मग आधी नाक बाहेर आले, मग मान, आणि बघता बघता ते चिखलात शिरले. वर दोन बुडबुडे आले तेवढेच.

— एक सभासद